वर आहे की खाली? पॅटर्न शॉपमधल्या फायलींच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

सुट्टी आहे, तरी शॉपवर आलोय. शनिवारी संध्याकाळी टूलपाथ (मशीनच्या कटरने कुठून कसं फिरायचं त्याची फाईल) सेव्ह करताना लॅपटॉपने 'डिस्क फुल' म्हणून हात वर केले आणि व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन, दीड तास रिकामी उभी राहिली. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक, शिल्लक १.९ जीबी. गेल्या सहा महिन्यांतली ही तिसरी वेळ. दर वेळी डाउनलोड्समधलं काहीतरी उडवायचं, चार दिवस ढकलायचे, पुन्हा तेच. आता एकदाच नीट लावायचं आणि काय केलं ते लिहून ठेवायचं.

आमचं पॅटर्न शॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. फौंड्रीवाल्यांना लाकडी आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न (ज्याचा ठसा वाळूत घेऊन धातू ओततात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (कास्टिंगमधली पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या कोअरचा साचा) करून देतो. वडिलांच्या वेळी ड्रॉइंगची भेंडोळी पत्र्याच्या कपाटात असायची. आता सगळा संसार एका लॅपटॉपमध्ये आणि कोपऱ्यातल्या २०१३ सालच्या पीसीमध्ये. लॅपटॉपचा एसएसडी २५६ जीबीचा, विंडोज दाखवतं २३८. माझा पुतण्या म्हणत होता दुकानदाराने फसवलं. फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजारच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, एवढंच.

४ जून, मंगळवार

आज लोकसभेचा निकाल. टपरीवरच्या टीव्हीपुढे निम्मं उद्यमनगर उभं होतं, त्यामुळे मला शांतपणे मोजायला वेळ मिळाला. विनडिरस्टॅट चालवून बघितलं. कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते रंगीत चौकोनांत दाखवतं, फुकट आहे.

विंडोज आणि सॉफ्टवेअर मिळून ७८ जीबी, त्याला हात लावायचा नाही. जॉबचं फोल्डर १०४ जीबी. डाउनलोड्स १९. व्हॉट्सॲप ११, कारण पार्ट्या ड्रॉइंग मेल करत नाहीत, व्हॉट्सॲपवर टाकतात, वर 'मिळालं का?' म्हणून फोन करतात. 'विंडोज डॉट ओल्ड' १७ जीबी, म्हणजे अपडेटआधीचं जुनं विंडोज. आणि एक लपलेली फाईल, 'हायबरफिल', साडेसहा जीबीची. लॅपटॉप हायबरनेट होताना रॅममधलं सगळं या फाईलमध्ये उतरवतो. आमची रॅम १६ जीबी, त्याच्या ४० टक्के जागा तो आधीच अडवून बसतो. आम्ही हायबरनेट कधी करतच नाही.

डाउनलोड्समध्ये 'हाउसिंग फायनल', 'हाउसिंग फायनल (१)', 'हाउसिंग फायनल नवीन' आणि 'हाउसिंग फायनल खरं' अशा चार फाईल्स मिळाल्या. चारही माझ्याच.

संध्याकाळपर्यंत झाडलोट केली. डिस्क क्लीनअपने जुनं विंडोज काढलं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हायबरनेट बंद केलं. डाउनलोड्स आणि व्हॉट्सॲपमधलं एकेक बघून उडवलं. शिल्लक ५० जीबी. हे ५० पण दिवाळीपर्यंत संपतील, मला माहीत आहे.

६ जून, गुरुवार

राजारामपुरीतला कॉम्प्युटरवाला म्हणाला, एक टीबीचा एसएसडी टाकून देतो, कशाला डोकं लावताय. म्हणणं चुकीचं नाही. पण मग विंडोज आणि कॅडचं (मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स सगळं नव्याने बसवायचं, आणि सध्या हातात चार पॅटर्न आहेत. शिवाय मोठा एसएसडी म्हणजे मोठं कपाट. कपाट एकच, तेही एकाच खोलीत, ही खरी अडचण.

हे मला २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर कुणी समजावून सांगायला नको. तेव्हा शॉपवर पाणी आलं नाही, पण शाहूपुरीतल्या आमच्या घरी आलं. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क घरी सुरक्षित राहील म्हणून मीच नेऊन ठेवली होती, टीव्हीखालच्या खणात. पाणी ओसरल्यावर डिस्क उघडली तर आतून गाळ निघाला. त्या वर्षी जुन्या जॉबची कितीतरी मॉडेल्स पॅटर्नवरून मापं घेऊन पुन्हा काढली.

म्हणून आता ठरलं, क्लाउडवर, म्हणजे नेटवरच्या साठ्यात टाकायचं. गुगल फुकट १५ जीबी देतं, पण त्यातच जीमेल आणि फोटो. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह फुकट ५. आमच्याकडे एक्सेलसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ चे पैसे दर वर्षी जातातच, आणि त्यात एक टीबी वनड्राइव्ह येतं. दोन वर्षं त्याचे पैसे भरतोय आणि एक फाईल ठेवलेली नाही. यावर वडील काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

८ जून, शनिवार

पहिली चूक, आणि ती घाईची.

जुना पीसी लवकर भंगारात घालवायचा म्हणून त्यातला ९२ जीबी माल आधी घेतला. लॅपटॉपवरच्या वनड्राइव्ह फोल्डरमध्ये पेस्ट केला आणि चहाला गेलो. माझ्या डोक्यात असं, की तो फोल्डर म्हणजे क्लाउड, तिथे टाकलं की माल थेट वर जातो. तसं नसतं. तो फोल्डर सी ड्राइव्हवरच असतो. माल आधी लॅपटॉपवर उतरतो, मग सावकाश वर चढतो. ५० जीबी जागेत ९२ जीबी ओतल्यावर जे व्हायचं ते झालं. पट्टी पुन्हा लाल, कॅड बंद.

मग क्रम उलटा केला. अर्धवट आलेलं काढून टाकलं. मूळ माल पीसीवर जागेवर होता हे आधी बघून घेतलं. लॅपटॉपवर आधीपासून असलेलं १०४ जीबीचं जॉब फोल्डर वनड्राइव्हमध्ये सरकवलं. एकाच ड्राइव्हवर सरकवायला जास्तीची जागा लागत नाही. ते वर गेलं की जुन्या जॉबवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' (लॅपटॉपवरची प्रत काढून फाईल फक्त क्लाउडवर ठेवायची), आणि झालेल्या जागेतून पीसीचा माल.

हिशेब केला. आमची लाईन ४० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ५ एमबी, कारण ८ बिटांचा एक बाइट. १९६ जीबीला कागदावर अकरा तास. (नंतरची नोंद: प्रत्यक्षात पाच रात्री गेल्या.) हजारो बारक्या फाईल्स एका मोठ्या फाईलपेक्षा फार रडवतात. आणि पहिला वळीव झाला की लाईट जाते.

१४ जून, शुक्रवार

सगळं वर गेलं. पीसीवरच्या आणि वनड्राइव्हवरच्या फाईल्सची संख्या प्रॉपर्टीजमध्ये बघून जुळवली. पहिल्यांदा २१७ चा फरक आला. बघितलं तर बहुतेक कॅडच्या तात्पुरत्या फाईल्स, नावापुढे वळणाची रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेल्या. त्या वर जात नाहीत आणि जायला नकोतही. नऊ फाईल्स मात्र खरंच राहिल्या होत्या. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर, आणि प्रत्येकाला पार्टीचं पूर्ण नाव. पत्ता इतका लांब झाला की विंडोजला तो पेलेना. नावं तोडली, मग गेल्या.

आता लॅपटॉपवर जॉबपैकी फक्त २२ जीबी आहे, बाकीचं वर. सगळा माल वर नेऊनही शिल्लक १३० च्या पुढे.

१५ जून, शनिवार

आप्पा मिस्त्रींना हे दाखवलं. ते वडिलांच्या आधीपासून लाकडाचं काम करतात, वय सत्तरच्या पुढे. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण मापात चूक असली की सगळ्यात आधी त्यांनाच दिसते.

मी एका जुन्या पंप केसिंगचं फोल्डर उघडलं. प्रत्येक फाईलसमोर निळा ढग. राइट क्लिक, प्रॉपर्टीज. 'साइझ' ४८ एमबी, खाली 'साइझ ऑन डिस्क' शून्य. आप्पा चष्मा कपाळावर सरकवून वाकले.

"मंजे फाईल हाय, पण हितं न्हाई?"

"नाव इथं आहे आप्पा, माल वर आहे. डबल क्लिक केलं की खाली उतरतो." मी केलं. ढगाच्या जागी दोन बाण फिरले आणि मग हिरव्या रेघेची टिक आली. शून्याचे ४८ झाले.

"मग असं सांग की. माळा हाय त्यो."

आमच्या शॉपला खरा माळा आहे. पार्ट्यांचे जुने पॅटर्न तिथे पत्र्याचे बिल्ले लावून ठेवतो. रजिस्टरमध्ये नाव असतं, पॅटर्न वर असतो, लागला की शिडी लावून काढायचा. तेव्हापासून शॉपमध्ये 'क्लाउड' कुणी म्हणत नाही. "त्ये वर हाय का खाली?" एवढंच विचारतात. निळा ढग म्हणजे वर. हिरव्या रेघेची टिक म्हणजे सध्या खाली, पण पुन्हा वर जाऊ शकतं. भरीव हिरवा गोल आणि आत पांढरी टिक म्हणजे 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस', टेबलावरून हलवायचंच नाही. चालू जॉब सगळे या तिसऱ्यात ठेवले.

स्टोरेज सेन्स पण चालू केलंय. तीस दिवस न उघडलेली फाईल विंडोज आपणहून वर पाठवतं. भरीव गोलवाल्यांना ते हात लावत नाही.

१८ जून, मंगळवार

नावांचं काम. जागेपेक्षा यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता.

कास्ट आयर्न ओतल्यावर थंड होताना साधारण शेकडा एक आकसतं. म्हणून ४०० मिलिमीटरच्या कास्टिंगला पॅटर्न ४०४ चा करतात. हे कॅडमध्ये स्केल लावून होतं. आता फाईलच्या नावावरून जर कळलं नाही, की स्केल लावलंय की नाही, तर एक माणूस लावतो, दुसरा त्यावर पुन्हा लावतो, आणि पॅटर्न ४०८ चा होतो. किंवा कुणीच लावत नाही. 'फायनल' या शब्दाला इथे काही अर्थ नाही.

नवीन पद्धत अशी: आधी पार्टीची तीन अक्षरं, मग जॉब नंबर, मग रिव्हिजन, आणि शेवटी 'पार्ट' किंवा 'पॅटर्न'. 'पार्ट' म्हणजे ड्रॉइंगचं माप, 'पॅटर्न' म्हणजे आकसण्याचा हिशेब लावलेलं. 'फायनल', 'नवीन', 'खरं' या शब्दांवर बंदी. पुतण्याने विचारलं, 'लेटेस्ट' चालेल का. नाही चालणार.

असेंब्ली फाईल्सनी (सुटे पार्ट जोडून केलेल्या मॉडेलच्या) त्रास दिला. असेंब्लीमध्ये सुट्या पार्टचा पत्ता लिहिलेला असतो. पार्टचं नाव विंडोजमधून बदललं की असेंब्ली उघडताना 'सापडत नाही' म्हणून विचारत बसते. नाव बदलायचं तर कॅडच्या आतूनच, नाहीतर 'पॅक अँड गो' (असेंब्ली आणि तिचे पार्ट एकत्र कॉपी करणारी कॅडमधली सोय) वापरून. तीन जॉब बिघडल्यावर हे समजलं.

२७ जून, गुरुवार

एका पार्टीचा फोन, २०१६ चा गिअर बॉक्स पुन्हा पाहिजे. माळ्यावर पॅटर्न आहे, वाळवीने एक कडा खाल्लीय, म्हणून फाईल हवी. फोल्डरच नाही. ना वर, ना खाली.

पुतण्याला विचारलं. तो निवांत म्हणाला, "काका, ते जुनं होतं म्हणून मी डिलीट मारलं. क्लाउडवर आहे की!"

त्याची चूक म्हणवत नाही, कारण 'फ्री अप स्पेस' आणि 'डिलीट' यात फरक काय हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. 'फ्री अप स्पेस' म्हणजे पॅटर्न माळ्यावर ठेवणं. 'डिलीट' म्हणजे चुलीत घालणं. खाली डिलीट केलं की वरचंही जातं. लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये काही नव्हतं, कारण निळ्या ढगाची फाईल मुळात लॅपटॉपवर नसतेच. ब्राउझरमधून वनड्राइव्ह उघडून तिथलं रिसायकल बिन बघितलं. होतं! तिथे साध्या खात्याचा माल ३० दिवस राहतो. याने नऊ दिवसांपूर्वी उडवलं होतं. पार्टीने फोन दिवाळीत केला असता तर आम्ही वाळवीने खाल्लेल्या कडेची मापं घेत बसलो असतो.

म्हणजे हा बॅकअप नव्हे. वर आणि खाली एकच माल आहे, एका ठिकाणी केलेला घोळ दुसरीकडे इमानदारीत पोचतो. दुसरी, सुटी प्रत लागणारच.

२ जुलै, मंगळवार

दोन टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणली. सगळं एकदम कॉपी करायला लावणार होतो, हात आवरला. वरची फाईल कॉपी करायची म्हटलं की ती आधी सी ड्राइव्हवर उतरते. म्हणजे ८ जूनचाच प्रकार उलट्या दिशेने. एकेक पार्टी घ्यायची, कॉपी, मोजणी, 'फ्री अप स्पेस', पुढची पार्टी. चार दिवस रोज थोडं थोडं. झिप करतानाही असंच सगळं खाली येतं.

११ जुलै, गुरुवार

आजचं लिहायला नको वाटतंय.

बेअरिंग हाउसिंगचा ॲल्युमिनियम पॅटर्न. पार्टीने मंगळवारी रिव्हिजन सी पाठवलं, एक बॉस (कास्टिंगवरचा उंचवटा) ४ मिलिमीटर सरकवायचा. मी रात्री घरच्या पीसीवर त्या मॉडेलला आकसण्याचं स्केल लावलं, सेव्ह केलं आणि लगेच पीसी बंद केला. नेट संथ होतं, फाईल वर गेलीच नाही. बुधवारी सकाळी पुतण्याने शॉपवर तीच फाईल उघडली. त्याच्याकडे अजून जुनीच. त्याने बॉस सरकवला, सेव्ह केलं. दुपारी मी घरी जेवायला गेलो, पीसी चालू केला. आता एकाच नावाच्या दोन फाईल्स, दोन्ही बदललेल्या. वनड्राइव्ह अशा वेळी भांडण सोडवत नाही. दोन्ही ठेवतं आणि एकीच्या नावाला कॉम्प्युटरचं नाव चिकटवतं.

एका फाईलमध्ये स्केल होतं, बॉस जुन्या जागी. दुसरीत बॉस बरोबर, स्केल नाही. ऑपरेटरने साधं नाव असलेली उचलली. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं, नावात 'पॅटर्न' लिहिलेलं होतं की.

आज दुपारी वरचा अर्धा भाग फिनिश होऊन टेबलावर आला. आप्पांनी खिशातून त्यांची श्रिंकेज पट्टी काढली. त्या पट्टीवर आकसण्याचा हिशेब आधीच धरून रेघा मारलेल्या असतात, ४०० वाचलं की प्रत्यक्षात ४०४. त्यांनी पट्टी लावली, अंगठ्याने ॲल्युमिनियमचा बुरा पुसला, पुन्हा लावली. मग काही न बोलता मला बोलावलं. कड ३९६ च्या रेघेवर होती.

पॅटर्न मोठा झाला तर तासता येतो. लहान झाला तर तो ठोकळा गेला. खालचा भाग रफ मशीनिंगवर होता, अंगावर माल शिल्लक होता म्हणून वाचला.

१२ जुलै, शुक्रवार

व्हर्जन हिस्टरीत जाऊन कुणी कधी काय सेव्ह केलं ते बघितलं. साध्या खात्यावर मागच्या २५ आवृत्त्या मिळतात. क्रम वर लिहिल्याप्रमाणेच निघाला. कॅड एकाच ऑफिसातल्या नेटवर्कवर 'ही फाईल दुसऱ्याने उघडलीय' असं सांगतं. वनड्राइव्हमधून दोन घरांत तशी अडवणूक होत नाही, हे मी गृहीत धरायला नको होतं.

आता नियम: एका जॉबवर एका वेळी एकच माणूस. भिंतीवरच्या फळ्यावर जॉब नंबरापुढे त्याचं नाव, खडूने. मशीन बंद करण्याआधी खालच्या पट्टीतल्या ढगाकडे बघायचं, बाण फिरत असतील तर थांबायचं. आणि नावात कॉम्प्युटरचं नाव चिकटलेली फाईल दिसली की काम बंद, आधी मला हाक.

खडूचा फळा आणि एक टीबीचं क्लाउड. आप्पांना फार मजा वाटली.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. नंदवाळच्या दिंडीमुळे टेंपो अडकला, नवीन ठोकळा उशिरा आला. फायलींचं काही काम नाही.

१९ जुलै, शुक्रवार

दुपारपासून बातम्यांत निळे पडदे, जगभर विमानतळं आणि बँका अडकल्यात. एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरचं अपडेट बिघडलं म्हणे. आमच्याकडे ते नाही, लॅपटॉप ठणठणीत. तरी एक्स्टर्नल डिस्कवर चालू जॉब तेवढे पुन्हा उतरवून घेतले.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलीय. घरचं सामान काल रात्रीच वरच्या मजल्यावर चढवलं. एक्स्टर्नल डिस्क या वेळी घरी नाही, उजळाईवाडीला मावशीच्या कपाटात आहे, साड्यांच्या घडीत.

शॉपवर सकाळपासून नेट नाही. मुद्दाम बघितलं: भरीव हिरव्या गोलाचे चारही जॉब उघडले, असेंब्लीसकट. एका पाचव्या जॉबची असेंब्ली उघडली, पण आतला एक पार्ट निळा ढग होता, तिथे रिकामी चौकट. तो पार्ट दोन जॉबमध्ये सामाईक आहे आणि दुसऱ्या जॉबच्या फोल्डरमध्ये पडलेला. सामाईक पार्टचं वेगळं फोल्डर करून तेही कायम खाली ठेवायला पाहिजे. नेट आलं की करतो.

३१ जुलै, बुधवार

सामाईक फोल्डर झालं, ३ जीबी. लॅपटॉपवर आज शिल्लक ११८ जीबी. पीसी भंगारात दिला. त्याची डिस्क काढून ठेवलीय, ती देत नाही.

संध्याकाळी आप्पांनी पिशवीतून एक वही काढली. चाळीस वर्षांच्या पॅटर्नची रेखाटनं, मापं, कुठल्या फौंड्रीत कसला कोअर धरत नव्हता ते सगळं. काही पानांवर फेव्हिकॉल, काही पानांवर चहा.

"ह्ये बी वर टाक. पन वही मला परत पायजे."

एकेक पान खिडकीजवळ धरून मोबाईलवर स्कॅन केलं. १४२ पानं, एक पीडीएफ, ८६ एमबी. मावशीकडच्या डिस्कवर जाईल रविवारी. वही त्यांच्या हातात दिली. निघण्याआधी बाकड्यावर बसून त्यांनी पानं मोजून घेतली.